डॉजची पहिली फेरी

माझे पप्पा, मारोती सोनकांबळे, डेंटर आहेत. कोपरखैरण्याच्या शेडमध्ये सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले आणि स्वतः आयुष्यभर बसने फिरले. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, आणि मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

शेडचं बडं गिऱ्हाईक असलेल्या सयाजीरावांची चोपन्न सालची अमेरिकन डॉज गाडी भंगारातून शेडमध्ये आली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडीची अंडी होती. खालच्या पत्र्याची गंजून चाळणी झालेली. दुसरा कुणी पुट्टी भरून, वर रंग मारून मोकळा झाला असता. पप्पांना पुट्टीची चीड. पत्र्याचा रोग झाकायचा नसतो, काढायचा असतो, असं म्हणतात. तीन वर्षं त्यांनी एकेक मडगार्ड लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ केलं. जे मिळेना ते हातानं घडवलं.

सयाजीराव खूश होते. एकदा शेडमध्ये आपणहून म्हणाले, गाडी तयार झाली की पहिली फेरी मारोतीची, वहिनींना शेजारी बसवून. पप्पांनी मागितलं नव्हतं. पण शब्द मिळाल्यावर तो त्यांनी उराशी धरला. आईनं, जाईबाईनं, आधी हसण्यावारी नेलं आणि मग गुपचूप ठेवणीतली निळी साडी इस्त्रीला दिली.

गेल्या रविवारी बेलापूरला सयाजीरावांच्या बंगल्यावर गाडीची पूजा होती. पप्पांबरोबर मी गेले. आई जुईनगरला आमच्या सोसायटीच्या गेटवर साडी नेसून उभी होती, कारण गाडी तिला घ्यायला येणार होती.

बोनेटला हार, चाकांखाली लिंबं. आमच्यात हे करत नाहीत, तरी पप्पा मुकाट बाजूला उभे राहिले. सयाजीराव पाहुण्यांना सांगत होते, ही गाडी मी उभी केली. मी! आयत्या बिळावर नागोबा. पूजा आटोपली, पप्पा दाराच्या मुठीला हात लावणार, तोच सयाजीराव हळूच म्हणाले, "मारोती, पूजा झालीय. आता हात नको लावू. राजवर्धन काढेल गाडी."

पप्पांनी हात मागे घेतला. त्या सकाळी ते हात त्यांनी दोनदा साबणानं घासले होते, नखांतलं ग्रीस मी स्वतः काढलं होतं. म्हणजे प्रश्न ग्रीसचा नव्हताच. आमची जात तीन वर्षं चालली, हार पडल्यावर चालेनाशी झाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

राजवर्धन, त्यांचा मुलगा, ऐटीत बसला. या गाडीचा गिअर स्टीअरिंगखाली असतो. बदलताना मध्ये क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर दोन गिअर एकदम अडकतात. पप्पांनी त्याला हे दहा वेळा सांगितलं होतं. शहाण्यानं लिंबं चिरडली, गेटपाशी हिसक्यानं दुसरा गिअर टाकला आणि गाडी गचका खाऊन तिथंच अडकली. दहा जणांनी ढकलली, तसूभर हलली नाही. मग सगळे पप्पांकडे बघायला लागले.

"मारोती, बघ जरा," सयाजीराव म्हणाले.

त्यांच्या जागी मी असते तर तोंडावर नाही म्हटलं असतं. पप्पांनी बोनेट उघडलं, आत हात घालून गिअरच्या दांड्या सारख्या केल्या, बोनेट लावलं. मग दार उघडून राजवर्धनला उतरायची खूण केली आणि स्वतः स्टीअरिंगवर बसले.

"आता हात लागलाय, साहेब," ते म्हणाले. "पहिली फेरी करून आनतो. संघमित्रा, तू मागं बस. पुढची जागा तुझ्या आईची हाय."

जुईनगरला आई तापलेलीच होती. दीड तास उभी होती बिचारी. पुढे बसली, पदर आवरला आणि पामबीच रोड संपेपर्यंत समोर बघत राहिली. पप्पा एकदाही हसले नाहीत. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि गाडी इतकी अलगद चालवतानाही.

बंगल्यावर परत आलो तेव्हा पाहुणे अंगणातच होते. चावी त्या पायरीवर ठेव, असं सयाजीराव म्हणाले. पप्पांनी ठेवली नाही. चावी तळहातावर घेऊन हात पुढे केला, आणि सयाजीरावांनी ती उचलून घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.