सुमनबाईंची पाण्याची गोळी

"डोस वाढव," सर म्हणाले आणि विद्यार्थ्यांच्या घोळक्यासह पुढच्या बेडकडे वळले.

सुमनबाई पुन्हा ॲडमिट झाल्या होत्या. पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं. ते लघवीवाटे काढणाऱ्या औषधाला आम्ही डाययुरेटिक म्हणतो, पेशंट 'पाण्याची गोळी' म्हणतात. मी मेडिसिनची रेसिडेंट. फाईल माझ्याकडे होती.

वॉर्डात इंजेक्शननं सूज उतरली. मग घरचीच गोळी, घरचाच डोस सुरू केला, तरी त्या ठीक राहिल्या.

"सर, इथे तोच डोस पुरतोय."

"घरी मीठ खात असेल. वाढव."

मी मान हलवली. वाद घालणं मला जमत नाही. पण घरी दम वाढला आणि गाडी वेळेवर मिळाली नाही तर, हे डोक्यातून जाईना.

दुपारी त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसले. त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुमी रोज एकट्याच जेवता काय? खिडकीतून दिसते मले."

"हो."

"मी बी."

रोहण्याजवळच्या गावात त्या एकट्या राहतात. आठवडी बाजारांत भाजी विकतात, आज या गावी, उद्या त्या गावी.

"बाजारात लघवीला कुठे जाता?"

त्यांनी आधी शेजारच्या बेडकडे पाहिलं. "कुठं जाऊ? चारी बाजूनं बापे बसून राह्यतात. बाजार असला का गोळी घेतच नाई. पाणी बी नाई पेत."

"सरांना काऊन नाही सांगितलं?" माझ्याही तोंडून त्यांच्याच बोलीत निघालं.

त्या हसल्या. "एवढ्या पोरांसमोर? ते इचारतात, गोळी घेता का? मी म्हनतो, घेतो."

खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांच्या व्हिजिटला एसटीनं जाताना मीही सकाळपासून पाणी पीत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या महिन्यात कामाशिवायचं मी कुणाशी बोलले ते एवढंच.

ही गोळी तासाभरात लागू होते आणि सहाएक तासांत तिचा जोर ओसरतो. ती सकाळीच घ्यायला हवी असं नाही. सुमनबाई चारला दुकान आवरायच्या; घरी पोचून गोळी घेतली तरी चाललं असतं.

सरांना सांगितलं. त्यांनी फाईल मागून घेतली. "डोस तोच ठेव. टायमिंग बदल. पुढे नवी गोळी देऊ. निघाली शुगरसाठी, पण हृदयालाही चालते."

"तिनंही लघवी वाढते, सर."

"मग तिचंही टायमिंग तूच बघ."

सुमनबाई नंतर ॲडमिट झाल्या नाहीत. ओपीडीत आल्या तेव्हा घोट्याचं हाड दिसत होतं. मला थोडं बोलायचं होतं. त्यांना आर्वीची बस गाठायची होती. पाय उचलत निघून गेल्या.

आता ही गोळी लिहिण्याआधी मी प्रत्येक बाईला विचारते, गोळी घेतल्यावर पुढचे काही तास तुम्ही कुठे असाल? सोबत आलेल्यांना आधी बाहेर बसवते. ते बाहेर गेल्याशिवाय उत्तर खरं मिळत नाही.