मास्तरांच्या देशाचा उमेदवार

कुणी काहीही विचारलं की ते आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे, आणि मग म्हणत, "छान आहे." मराठीतले हे दोनच शब्द त्यांना येत होते आणि ते मीच शिकवले होते. वरणभात छान आहे, उकाडा छान आहे. समोरच्या मसाल्याच्या गिरणीतून मिरचीचा खकाणा आला, ओळीने सात शिंका आल्या, तरी डोळे पुसत तेच.

ते त्यांच्या देशात भूगोल शिकवायचे, म्हणून चाळीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. देशाचं नाव मी लिहीत नाही. पुढचं वाचल्यावर तुम्हीही मला ते विचारणार नाही.

बायकोला कॅन्सर झाला म्हणून तिला घेऊन ते परळच्या एका हॉस्पिटलात आले होते. आई गेल्यापासून लालबागची आमची एक खोली मी अशा लोकांना राहायला द्यायचे. पहिल्याच दिवशी मास्तरांनी दाराची आतली कडी नीट लागते का, हे तीनदा बघितलं. मला हसू आलं. चाळीत दार लावून बसतं कोण? महिन्याभरात तेही गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले, शेजारच्या मुलींना नकाशे काढून देऊ लागले.

तेवढ्यात त्यांच्या देशात निवडणूक लागली. तिथला एक उमेदवार मागे मुंबईला येऊन गेला होता. फेटा बांधून वडापाव खाताना त्याचा व्हिडिओ निघाला आणि आमच्या चाळीत तो एकदम लाडका झाला. "असा कडक माणूस पायजे," असं बाळा म्हणायचा. बाळा माझ्या शेजारचा, मंडळाचा सेक्रेटरी, मनाने अगदी लोणी. त्याने हौसेने गेटवर फ्लेक्स लावला. उमेदवाराला लालबागकरांच्या शुभेच्छा, आणि खाली एकवीस कार्यकर्त्यांचे हसरे चेहरे.

आणि मी मूर्खासारखी बाळाला सांगून बसले, अरे, माझे पाहुणे त्याच देशाचे.

त्या संध्याकाळी मी आणि मास्तर हॉस्पिटलातून येत होतो. बायकोला केमोसाठी दोन दिवस ठेवून घेतलं होतं. गेटपाशी ते थांबले. औषधांची पिशवी त्यांनी छातीशी धरली. बाळा धावत आला, फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, कसा आहे आपला माणूस?" मास्तरांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "छान आहे." बाळाने त्यांना मिठी मारली.

खोलीत आल्यावर त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, पंखा मोठा केला. मग तुटक इंग्रजीत मला सांगितलं. त्यांच्या बायकोचा भाऊसुद्धा शिक्षक. त्याने त्या उमेदवाराच्या सभेला शाळेचं मैदान द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी दोन माणसं त्याला घरातून घेऊन गेली, आणि तो परत आलेला नाही. बायकोला हे माहीत नव्हतं. उपचार संपेपर्यंत तिला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सोळा वर्षांची मुलगी तिकडेच आजीकडे होती.

आत्ता जाऊन फ्लेक्स काढायला लावते, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले. का काढला, असं कुणीतरी विचारेल. बाळाला काही सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं.

रविवारी त्यांचा सत्कार ठरला. मी बाळाला म्हटलं, त्यांना बरं नाही, राहू दे.

"ताई, दोनच मिनिटं. शाल, नारळ, एक फोटो. पोरांनी सगळं केलंय."

शेवटी मास्तरच म्हणाले, जातो. गेलो नाही तर तेवढंच लक्षात राहील.

फेटा बांधून ते चाळीच्या पटांगणातल्या स्टेजवर उभे राहिले. सगळे मोबाइल वर झाले. ते आपल्या भाषेत बोलले, मधेमधे त्या उमेदवाराचं नाव घेत. इतका खणखणीत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. वर्गात असंच शिकवत असतील. चेहरा हसत होता आणि सत्काराचा नारळ त्यांनी छातीशी धरला होता. लोक टाळ्या वाजवत होते. ती भाषा कळणारी तिथे एकटी त्यांची बायको होती. डोक्याला रुमाल बांधून ती पहिल्या रांगेत बसली होती आणि नवऱ्याकडे एकटक बघत होती.

खोलीत गेल्यावर ती एकच वाक्य पुन्हापुन्हा विचारत राहिली. त्या वाक्यातलं, मास्तरांकडून ऐकलेलं भावाचं नाव तेवढं मला कळलं.

तो व्हिडिओ दोन दिवसांत त्यांच्या देशात पोचला. मुलीचा निरोप आला: 'मामाचं नाव तरी घ्यायचं होतं.' मग तिने बापाचा फोन उचलणं सोडलं.

उमेदवार निवडून आला. बाळाने पेढे वाटले. मी माझा पेढा खाल्ला. नाही कसं म्हणणार होते?

उपचार संपले तेव्हा मी त्यांना सांगून बघितलं, थोडे दिवस राहा. मुलगी तिथे आहे, एवढंच मास्तर म्हणाले. बायको म्हणाली, उतरल्यावर आधी पोलिसांकडे जाणार, माझा भाऊ कुठे आहे ते विचारणार. मास्तरांनी तिला गप्प केलं नाही. बाळाने त्यांच्या बॅगा टॅक्सीत ठेवल्या.

मी पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक राहिली. तीन आठवड्यांनी परक्या नंबरवरून फोन आला. त्यांची मुलगी होती. आईबाबांना फोन द्या, म्हणाली. आपल्यावर रागावून ते मुंबईतच राहिले असतील, असं तिला वाटत होतं.

ते इथून निघाले त्याला किती दिवस झाले, ते मी तिला सांगितलं. मग तिने विचारलं, निघताना आईने काय घातलं होतं?

हिरवा सदरा, मी म्हटलं. रुमाल नव्हता बांधला. केस नुकते यायला लागले होते.