वर्गाच्या ग्रुपवर आईचा आवाज

अकरावीला मी पुसेगावहून हिंगोलीच्या कॉलेजात जायला लागले. आमचं घर मेंढरंवाल्यांचं. पहिल्याच चाचणीत वर्गात पहिली आले अन् तिथंच माशी शिंकली. खेड्यातली पोरगी, घरी मेंढरं, वरून पहिला नंबर. हसणाऱ्याला अजून काय लागतं?

रविवारी मी मेंढरं वळत होते तवा कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला, माझ्या तोंडाच्या जागी मेंढराचं तोंड लावलं अन् वर्गाच्या ग्रुपवर टाकला. माझ्यासोबत डबा खाणाऱ्या पोरींनीबी दात काढले. एकजणबी 'बस करा' म्हणला न्हाई, त्याचीच मला जास्त चीड आली.

घरात फोन एकच, वर्गाचा ग्रुपबी त्यातच. तवा तो आईपाशी होता. तिला वाचता येत न्हाई, पण मेंढरं घेऊन लांब गेलेल्या मामाला ती रोज बोलून मेसेज धाडते. व्हिडिओतली लेक तिनं कपड्यांवरून बराबर ओळखली अन् बटण दाबून धरलं.

"काय रे पोट्ट्या, मेंढरू म्हणतो व्हय माझ्या लेकीला? त्याच मेंढरायवर शिकून राहिली ती! हिंमत असंल तर घरी ये. आधी चहा पाजते, मग सांगते तुला!"

तिला वाटलं एका पोराला गेलं. गेलं साऱ्या वर्गाला! सांजेपर्यंत तो आवाज आमच्या गावातबी घरोघर वाजून राहिला.

बाबा भडकले. "बस झालं कॉलेज. उद्यापासून घरी."

"काहून?" मी म्हणलं. "लाज त्यांनी सोडली अन् घरी मी बसू? न्हाई बसणार!"

आई तोंड पाडून म्हणाली, "माझ्यामुळंच झालं गं." ते मला सहन झालं न्हाई. मी फोन घेतला, तिचा तोच मेसेज स्टेटसला ठेवला अन् वर लिहिलं, 'ही माझी आई.' बाबा बघत राहिले. सकाळी मी निघाले तवा त्यांनी अडवलं न्हाई.

वर्गात पाय ठेवला तर मागच्या बाकावर एकानं आईचा आवाज लावलेला. पोरं फिदीफिदी हसून राहिली. पण मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आवाज वाढव. पुढच्यांना ऐकू येईना."

त्यानं फोन बाकाखाली घेतला.

"आता काहून लपवतो? वाजव ना! माझी आई हाय ती. मला लाज न्हाई वाटत."