पत्रूचा दोन मीटरचा बांबू

आरमोरीजवळच्या तलावात जाळं टाकणाऱ्या पत्रू मेश्रामने जन्मात एक नियम पाळला नव्हता. बंदीच्या दिवसांतही त्याच्या घरून मासळीचा वास यायचा. पण साठीत मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला, ते काढलं तरी गाठी फुफ्फुसात गेल्या, आणि हा माणूस नियमाचा असा पुतळा झाला की बायको चंदाबाई म्हणायची, "बिमारी सोसीन बाप्पा, ह्याची शिस्त नाई सोसत."

नागपूरच्या दवाखान्यात एका नव्या उपचाराचा अभ्यास चालला होता. तिथले डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं इस्त्री केलेलं. "म्हणजे बघा काका, अँटिबॉडी गाठीवरची खूण ओळखते आणि तिथेच जाऊन चिकटते. तिच्यावर आम्ही किरणोत्सर्गी द्रव्य बसवलेलं असतं. ते गाठ जाळतं."

"म्हंजे मासे धराची गरी," पत्रू म्हणाला. "मरळच धरते, रोहूले शिवत नाई. अन् गरीले बारूद बांधला."

डॉक्टरांनी मान डोलावली. "साधारण तसंच. पण आसपासची मासळीही थोडी मरते. रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. बारा आठवड्यांनी त्या लाखावर असल्या तरच दुसरा डोस. कमी असताना दिला तर रक्तस्राव होऊन जिवावर बेतेल."

पहिला डोस देऊन झाल्यावर दिव्यानी सिस्टरने एका श्वासात उरलेलं सांगितलं, "तीन आठवडे लहान पोरं, गरोदर बाया, दोन मीटर दूर, पाणी भरपूर, कळलं ना काका, या आता."

पत्रूने घरी येताच डोंगा ढकलायचा बांबू दोन मीटरवर कापला. शेजारची रुखमा नातू काखेत घेऊन भेटायला आली की बांबू आडवा. "तिथीच थांब, रुखमा! मी पेटून राह्यलो."

"काऊन, भाऊ? धूर त दिसत नाई."

तीन आठवडे संपले, पण बांबू खाली येईना. सरकारी माप नेहमी कमी भरते, असं त्याचं मत. तीनाचे बारा आठवडे झाले आणि रक्त तपासायचा दिवस उजाडला.

आरमोरीच्या लॅबच्या दारात पत्रू खांबासारखा थिजला. आत बाकावर दोन पोटुशा बाया बसलेल्या.

"मी नाई जात अंदर. तूच दे रगत."

"माह्यं?" चंदाबाई म्हणाली.

"चाळीस वर्सं एका गंजात शिजलेलं खाल्लं आपन. रगत काय येगळं राहीन? मच्छीमार संस्थेतला माहा वाटा तूच आणते ना? कोणी इचारते का?"

हे चंदाबाईला पटलं. लॅबवाल्याची मान मोबाइलमध्ये. "चिठ्ठी. हात. झालं. पुढचा."

दुसऱ्या दिवशी फोन आला. "काका, अभिनंदन! प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार!" पत्रूने बांबू हवेत नाचवला. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "एक मात्र कळत नाही. डोसच्या आधी तुमचं हिमोग्लोबिन अकरा होतं, आता सात. काही रक्त गेलं का? बाथरूममध्ये? शौचाला?"

"नाई जी."

"मग चार पॉइंट गेले कुठे?"

पत्रूने चंदाबाईकडे पाहिलं. ती चुलीपाशी एक हात कमरेवर ठेवून दम खात होती. पाण्याचा एक गुंड डोक्यावर भरून आणला की रोज तशीच बसायची.

"गेले नाई, डॉक्टरसाहेब," तो हळूच म्हणाला. "ते बायकोचे व्हत."

पलीकडून दिव्यानी सिस्टरचं "अगं माय!" स्पष्ट ऐकू आलं.

डॉक्टरांना बांबूसकट सारं सांगून त्याच दिवशी पत्रू स्वतः लॅबमध्ये गेला. बाकावर तीन पोटुशा. तो डोळे मिटून हात पुढे करून आत शिरला. प्लेटलेट निघाल्या बासष्ट हजार. "डोस दिला असता तर..." डॉक्टरांची इस्त्री प्रथमच चुरगळली. "आणि बांबू फेका आता! तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू."

ते तीन आठवडे कुणाच्या जिवात जीव नव्हता. रिपोर्ट आला तेव्हा चंदाबाईने आधीच पदर डोळ्यांना लावून ठेवला होता. एक लाख सहा हजार. नागपूरची तारीख मिळाली.

बांबू मात्र पत्रूने फेकला नाही. चंदाबाईला लोहाच्या गोळ्या लागल्या आहेत. ती पाण्याच्या गुंडाकडे वळली की बांबू आडवा येतो.

"बस तिथीच. आधी गोळी."

"मले काय कॅन्सर हाय?"

"चार पॉइंट कमी हाय तुले! डॉक्टरसाहेबानं माह्या नावानं सांगतलं."