चेनचं पहिलं ‘नको’

हॉस्पिटलात पोर्टर म्हणून आयुष्यभर पेशंट ढकलले. पेशंट बरे होऊन घरी गेले. किस्से मात्र अजून माझ्याच ट्रॉलीवर बसलेत, उतरायचं नाव नाही! त्यातले हे चेनचे.

मँचेस्टरला आमच्याकडे एक्स-रे मशीन सांभाळायला चीनहून इंजिनिअर आला, तो हा चेन. सहा महिने प्रोबेशन. नोकरी पक्की झाली की बायको-मुलीला आणणार होता. मुलीचा फोटो हत्यारांच्या पेटीत, झाकणाला आतून चिकटवलेला.

*

आमचा बॉस ब्रायन चहा करताना सगळ्यांना विचारायचा.

“चेन, टी?”

“नो, थँक यू.”

ब्रायन पुढे! आणि चेन किटलीकडे असा बघायचा, जशी शेवटची बस निघून गेली.

दोन आठवडे बिचारा गरम पाण्यावर! मी ओळखलं. सासुरवाडीत मीही पहिल्या आग्रहाला नकोच म्हणायचो. म्हटलं, “अरे, इथे आग्रह नसतो. पहिल्या फटक्यात येस म्हण!”

“हावरट दिसेन ना! आईने शिकवलंय, तिसऱ्यांदा विचारल्यावरच हो म्हणायचं.”

“मग सभ्य राहा आणि तहानेने मर!”

*

नाताळात मी चेनला मुद्दामच विचारलं, “मुलांच्या वॉर्डात सांताक्लॉज कोण होणार?”

“येस!”

कापसाची दाढी लावून गेला. एका चिमुरडीची खेळण्यातली मोटार बंद पडलेली. सांताने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, तिथेच चालू केली. पोरगी नर्सला म्हणाली, “हाच खरा! गेल्या वर्षीचा नुसता हसत होता.”

*

मग त्याला घरी जेवायला बोलावलं. आमची ही वाढतेय, हा येस म्हणतोय. पाचव्या पुरणपोळीला घामाघूम!

“अरे, आमच्यात नको म्हणायचं असतं!”

“एका गावात दोन कायदे?”

“दार कोणाचं ते बघून बोलायचं, बाबा!”

*

सहा महिने सरले. ब्रायनने त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी एका आजीबाईंची व्हीलचेअर घेऊन दाराशी. योगायोगानेच!

“चेन, काम उत्तम. नोकरी पक्की करतोय. हवी ना?”

घाबरला की माणूस आईने शिकवलेलंच बोलतो. “नो, नो. माझी लायकी नाही. कुणी चांगला मिळेल.”

“ओह. वाईट वाटलं.” ब्रायनने वरच्या ऑफिसला कळवायला फोन उचलला. चेनचा चेहरा पांढराफटक!

मी आजीबाईंसकट आत. “ब्रायन, परत विचार!”

“तो नको म्हणाला!”

“परत!”

“चेन, हवी का?”

चेन मान खाली घालून, “नो... इतरांना द्या.”

आजीबाई खेकसल्या, “अजून एकदा विचार की रे! माझा एक्स-रे राहिलाय!”

“चेन, शेवटचं. हवी?”

“येस!!”

ब्रायन खुर्चीत कोसळला. चेनने डोळे पुसले, बाहेर जाऊन किटली घेऊन आला.

“ब्रायन, टी?”

“नको, आत्ताच झाला.”

“टी?”

“नको रे, खरंच.”

“टी?”

ब्रायनने माझ्याकडे पाहिलं, आजीबाईंकडे पाहिलं, आणि गुपचूप आपला कप पुढे केला.