सिलिंडरची खंडेनवमी

लोक गाढवपणा करून निदान गप्प तरी बसतात. मला तेवढीही अक्कल नाही, म्हणून चहा उकळेपर्यंत ऐका.

आमच्या गावात, डिंगोऱ्यात, खंडेनवमीला ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा होते. विळा, कोयता, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, सगळ्यांना हळदकुंकू. यंदा मी म्हटलं, रोजचा स्वयंपाक ज्याच्यावर होतो त्या सिलिंडरनं काय घोडं मारलंय?

आमची मंडळी, म्हणजे सुमन, सकाळपासून सांगत होती की ओट्याखाली गॅसचा वास येतोय. मी हुंगून पाहिलं. तंबाखूनं माझं नाक कधीच कामातून गेलंय, मला कसला वास येणार? पण कबूल कोण करतो! म्हटलं, उंदीर मेला असेल. आणि सिलिंडरला हार घालून, नळीला कुंकवाचं बोट लावून अख्खा उदबत्तीचा पुडा पेटवला. थोड्या वेळानं सुमन म्हणाली, आता वास येत नाही. मी मिशीला पीळ दिला आणि वरून सिलिंडरसमोर निरांजनही लावलं.

तेवढ्यात एजन्सीचा तपासणीवाला दारात. याआधी आला तेव्हा ‘सगळं ठीक हाये’ म्हणून मीच त्याला बाहेरून वाटेला लावलं होतं. आज मात्र पूजा दाखवायची हौस! आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तो थिजलाच.

“काका, आधी त्यो दिवा इझवा.”

“सणाचा दिवा हाये भाऊ. आमी फुकून इझवत न्हाई.”

बोला आता! तो हात जोडतोय, मी त्याला रीत शिकवतोय. शेवटी सुमननं निरांजन आणि उदबत्त्या उचलून थेट अंगणात नेल्या.

त्यानं दारं-खिडक्या उघडल्या, नळीला साबणाचा फेस लावला. कुंकवाच्या बोटाशेजारीच बुडबुडा फुगला. मग दुसरा. नळीची मुदत कधीच संपली होती.

रोज पहाटे काडी ओढायला त्या ओट्याशी उभी राहते ती सुमन, मी नव्हे. आणि तिनं सांगितलेला वास मी धुरानं झाकला होता.

ती एवढंच म्हणाली, “मी सांगत व्हते, तवा उंदीर सापडला तुमाला.”

नवी नळी बसेपर्यंत मी खाली मान घालून उभा होतो. तपासणीवाला निघाला तशी सुमननं त्याला थांबवलं.

“भाऊ, नळी बदलून दिली, लई बरं झालं. ह्यांचं काय व्हतंय का बगा.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

“न्हाई वैनी. ह्यो माल एजन्सी परत घेत न्हाई. तुमालाच जपून वापरावा लागंल.”