झेरॉक्सची रांग

कॉलेजच्या ऑफिसात बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत; फीच्या पावतीबरोबर आपोआप येतात. यंदाचे बरेचसे मात्र एकाच खोलीचे आहेत.

फर्स्ट इयरच्या मुलांसाठी कॉलेजने देसाई मॅडमना समुपदेशक म्हणून नेमलं आणि जिन्याखालची कॅरमची खोली दिली. प्रिन्सिपल सरांनी अट घातली: दिवाळीपर्यंत मुलं आली नाहीत, तर खोली परत कॅरमला.

*

पहिल्याच तासाला मॅडमनी वर्गाला विचारलं, मन ठीक नसेल तर कोणाला सांगाल?

काशीगावचा एक मुलगा उभा राहिला. "आत्याला. मग बाकी कोनाला सांगावं लागत न्हाय."

*

महिनाभर तिकडे कोणी फिरकलं नाही. दार नेमकं कँटीनसमोर. एक मुलगी उंबऱ्यापर्यंत आली, तर वडापाव खाणाऱ्या मैत्रिणींनी तिथूनच विचारलं, "क्या हुआ रे तेरे को?"

पोरगी मॅडमना बाथरूम कुठे आहे ते विचारून परत गेली.

*

मग मॅडमनी आमचं झेरॉक्स मशीन मागून घेतलं आणि आपल्या दाराशी ठेवलं. तिथं उभं राहायला मुलांना कारण मिळालं. एक मुलगा तर रोज यायचा, आधार कार्डाची झेरॉक्स काढायचा आणि निघून जायचा.

शेवटी मशीनवरचे आमचे शिपाई सावंत म्हणाले, "बाळा, एवढ्या कार्डांत अख्खी सोसायटी वसेल. आत जा आता."

तो गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि त्याला सपाटून भूक लागली होती.

*

जेसल पार्कमधल्या एका मुलीचे वडील तावातावाने आले. घरी एसी आहे, वायफाय आहे, मुलीला वेगळी खोली आहे. मग डिप्रेशन येईलच कुठून, असं त्यांचं म्हणणं. मुलगी काय बोलते ते मॅडमनी सांगितलं नाही. तुम्हाला झोप लागते का, एवढंच विचारलं.

"मला कशी लागेल? मी बाप आहे," असं म्हणून ते जे बसले, ते चहा गार झाला तरी बोलतच होते.

*

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रिन्सिपल सर खोली बघायला आले. मागे कॅरम बोर्ड घेऊन सावंत. मशीन सकाळपासून बिघडलं होतं, तशी चिठ्ठीही लावली होती. तरी रांग जिन्यापर्यंत.

"मशीन बंद आहे ना? मग थांबलाय कशाला?" सरांनी विचारलं.

शेवटची मुलगी जरा बाजूला सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही आधी जा. आम्ही थांबतो."

सरांनी सावंतांना बोर्ड परत वर नेऊन ठेवायला सांगितलं.

"नको," ते मुलीला म्हणाले, "नंबरानेच जातो."